भार देवावर, काम हातात

संकटात देवावर भरवसा ठेवायचा, म्हणजे उद्याचा घोर देवाच्या पायाशी ठेवून आज हाताशी असलेले काम करत राहायचे. महाराष्ट्रातल्या भक्तिपरंपरेने भरवशाचा हाच अर्थ शतकानुशतके धरला. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, ईटसारख्या गावात, हा विषय पोथीपुरता राहत नाही. बालाघाटाच्या रांगांतला हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. मृगाच्या भरवशावर बी-खत उधारीवर आणायचे, सोयाबीन-उडीद पेरायचे आणि आभाळाकडे बघत बसायचे. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी. दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी. दूध आणि खव्याच्या धंद्यावर घरखर्च निघतो, पण चारा संपला की तोही आटतो. सप्टेंबर 2025 मध्ये उलटेच झाले. जिथे थेंबासाठी डोळे लागतात त्या भूम-परांडा भागात अतिवृष्टीने आणि पुराने उभी पिके आणि जनावरे नेली, कित्येक ठिकाणी मातीही खरवडून नेली. अशा ठिकाणी 'काळजी करू नका, देव आहे' हे वाक्य उच्चारणे सोपे आहे. त्याचा अर्थ काय, हे मात्र नीट समजून घ्यावे लागते.

पुढच्या हंगामाचा विचार करणे, बियाण्यासाठी पैसे बाजूला काढणे, आजारी बैलाला वेळेवर डॉक्टर दाखवणे ही तजवीज झाली. ती संपते, कारण तिच्या शेवटी काहीतरी करायचे असते. जिवाला लागलेला घोर संपत नाही. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सावकाराचा तगादा, कोरडी विहीर हेच चार विचार रात्रभर आलटून पालटून येतात आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा थकलेला उठतो. झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. घोराचा सर्वांत मोठा तोटा असा की तो काम केल्याचा भास निर्माण करतो. रात्रभर डोके चालले, म्हणजे काहीतरी मार्ग काढला असे वाटते. प्रत्यक्षात कुठलाच निर्णय झालेला नसतो. संतांनी ज्या चिंतेचे ओझे देवावर टाकायला सांगितले ते या घोराचे. तजवीज त्यांनी सोडायला सांगितलेली नाही.

घोर आणि तजवीज यांतला हा फरक ओळखण्यासाठी मराठी संतकथांकडे जरा निरखून पाहावे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 मध्ये 'भक्तविजय' पुरा केला आणि गावोगावी तोंडी चालत आलेल्या या कथांना एक घर मिळाले. त्या कथांतला देव भक्ताचे काम नाहीसे करत नाही, तो कामाला हात लावतो. जनाबाईसोबत दळायला बसतो, तिच्या शेण्या वेचतो. चोखोबांसोबत मेलेली ढोरे ओढतो. सेना न्हावी पूजेत गुंतलेले असताना धोपटी घेऊन राजाची हजामत करायला जातो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन 12 वर्षे कावडीने पाणी भरतो. तेरच्या गोरोबाकाकांकडे मडकी घडवायला गडी म्हणून राहतो. हे सगळे इतिहास म्हणून घ्यायचे की श्रद्धा म्हणून, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण या कथा ज्या समाजाने रचल्या आणि जपल्या त्याची देवाबद्दलची अपेक्षा त्यांतून स्पष्ट दिसते. दळण दळावेच लागते, पाणी भरावेच लागते. देव आला तरी जाते आपोआप फिरत नाही. खुंट्याला दुसरा हात लागतो, इतकेच. जगातल्या कितीतरी चमत्कारकथांत देव अडथळा उचलून बाजूला फेकतो. मराठी माणसाने मात्र आपल्या देवाला राबायला लावले, आणि भरवशाची सारी कल्पना त्यातून घडली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या दृष्टीने फार मोलाची आहे. पंधराव्या शतकात बहमनी सत्तेखाली ते मंगळवेढ्याला अधिकारी होते. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. बिदरच्या सुलतानाचा रोष ओढवला आणि त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. परंपरा सांगते की ते वाटेत असतानाच विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेला आणि धान्याची सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. कथेतला हा शेवट सर्वांना पाठ आहे. क्रमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोठारे आधी उघडली गेली, देव नंतर आला. परिणाम काय होईल हे दामाजींना माहीत होते. त्या परिणामाची भीती त्यांनी देवावर सोपवली आणि समोरच्या भुकेल्या माणसासाठी जे करायचे ते स्वतः केले. भरवशाने त्यांना निर्णय घेण्याचे बळ दिले. निर्णयच घ्यायचा नाही म्हणून त्यांनी देवाचे नाव पुढे केले नाही.

भूमपासून फार दूर नसलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे सावता माळी हे याच विचाराचे दुसरे रूप. तेराव्या शतकातला हा शेतकरी. मळा हीच त्याची पंढरी होती. तो वारीला गेला नाही, असे परंपरा मानते. मोट हाकणे, वाफ्याला पाणी देणे, भाजी खुडणे यातच त्याने विठ्ठल पाहिला. शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 मध्ये, सावतोबांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. भक्त देवाकडे जातो ही नेहमीची रीत. इथे देव शेतकऱ्याच्या बांधावर येतो. खुरपे खाली ठेवल्याशिवाय भक्ती होत नाही असे मानणाऱ्याला वारकरी संप्रदायाने दिलेले हे ठाम उत्तर आहे.

या विचाराविरुद्ध नेहमी एक आक्षेप येतो. देवावर हवाला ठेवणारी माणसे आळशी होतात, दैववादी होतात, अन्याय मुकाट सोसतात. आक्षेप खोटा नाही. असा भरवसा समाजात आहे आणि मराठी भाषेने त्याची पुरेशी टर उडवलेली आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण कुणा नास्तिकाने रचलेली नाही, देव मानणाऱ्या खेडुतांचीच ती आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकात 'यत्नशिकवण' नावाचा स्वतंत्र समास लिहिला. त्यात आळसाचा निषेध आहे आणि प्रयत्नाचा आग्रह आहे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आणि समाधी भूमला लागून असलेल्या परांडा तालुक्यात, सीनेकाठच्या डोमगावात आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत तिथे जपली गेली. प्रयत्नाचा एवढा आग्रह धरणारा ग्रंथ याच दुष्काळी टापूत सांभाळला गेला, ही गोष्ट इथल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

मुकाट सोसण्याबद्दल बोलायचे तर संत मुकाट कधीच नव्हते. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा हे सगळे विठ्ठलाशी भांडलेले आहेत. त्यांनी त्याला निष्ठुर म्हटले, शिव्या घातल्या, जाब विचारला. चोखोबांच्या अभंगांत तर जन्माने लादलेल्या हीनतेबद्दलची तक्रार उघड आहे. आणि चोखोबांचा शेवट गोड नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही तिच्याखाली गेले. हे वर्ष 1338 मानले जाते. देवावर भरवसा ठेवणारा माणूस भिंतीखाली सापडत नाही, असा दावा वारकरी संप्रदायाने कधी केलेला नाही. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी बांधली. संप्रदायाला जे करता येण्यासारखे होते ते एवढेच होते, आणि त्याने ते केले. गाऱ्हाणे हा भरवशाचाच भाग आहे, हे संतांकडून घेण्यासारखे आहे. घोर माणसाच्या डोक्यात एकटाच फिरतो. गाऱ्हाण्याला ऐकणारा असतो. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोणी इतक्या हक्काने भांडत नाही.

तुकाराम महाराजांचे आयुष्य या साऱ्याची कसोटी आहे. कोवळ्या वयात आईवडील गेले. थोरले बंधू सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेले. मग 1630 च्या आगेमागे दख्खनला भीषण दुष्काळ पडला. दुकान बुडाले, गुरे गेली, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. इतके झाल्यावर माणूस एक तर खचतो किंवा देवाचे नाव टाकतो. तुकोबा भामनाथ-भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले, आणि परत आले ते कामे हातात घेऊन. पूर्वजांनी बांधलेले आणि मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. सावकारीच्या खतांची धाकटा भाऊ कान्होबाशी वाटणी केली. भावाचा संसार चालावा म्हणून त्याचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. दुष्काळात होरपळलेल्या कितीतरी कुटुंबांचे देणे त्या दिवशी पाण्यात गेले. स्वतःच्या भुकेच्या काळात इतरांच्या डोक्यावरचा घोर उतरवणारा हा भरवसा आहे; त्याला निष्क्रिय म्हणणे अन्यायाचे होईल. आणि तुकोबांच्या भरवशामागे दुसऱ्या पत्नी जिजाईंचे कष्ट उभे होते, हेही सांगितले पाहिजे. रोज भाकरी बांधून डोंगर चढणारी ती बाई संसाराची तजवीज पाहत होती. तिच्या तोंडच्या त्राग्यावर कीर्तनात हशा पिकवला जातो, तो थांबवावा. घरातला एक माणूस निर्धास्त दिसतो तेव्हा त्याच्या वाटचा घोर दुसरे कोणी वाहत नाही ना, हे प्रत्येक घराने पाहावे.

भरवशाचे आणखी एक रूप तुळजापुराच्या वाटेवर दिसते. या भागातल्या असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी. संकट आले की तिला नवस बोलला जातो. नवसामागची आर्तता खरी असते, तिची थट्टा करू नये. पण नवसात हळूच सौदा शिरतो. तू हे दे, मी ते देईन. मग काम झाले नाही तर देवी कोपली, आणि झाले तर नवस फेडायला कर्ज. तुकोबांनी नवसाच्या भक्तीवर कोरडे ओढले. गाडगेबाबा कीर्तनात हात जोडून सांगत की देवासाठी कोंबडे-बकरे मारू नका आणि सण-लग्नासाठी कर्ज काढू नका. एका चिंतेतून सुटण्यासाठी दुसरी चिंता व्याजाने विकत घेणे हा भरवसा नव्हे. आईच्या दारात जाऊन मन मोकळे करावे, जोगवा मागावा, परडी भरावी. त्यासाठी सावकाराच्या दारात जायची गरज नाही.

हा विचार एका धर्मापुरता नाही. भूम तालुक्यातलेच कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे; 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाचे व्रत, घेऊन देह ठेवला. जैन दर्शन जगाचा कर्ता-हर्ता देव मानत नाही, तरी सुखदुःखात समभाव ठेवण्याची शिकवण तिथे तितकीच कडक आहे. धाराशिव शहरात ख्वाजा शम्सुद्दीन गाजींचा दर्गा आहे. इस्लामी परंपरेत अल्लाहवरच्या भरवशाला तवक्कुल म्हणतात आणि ते समजावताना पैगंबरांचा एक प्रसंग सांगितला जातो: उंट मोकळा सोडून अल्लाहवर विसंबू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव असे सांगितले. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्यांचा हवाला प्रभू येशूवर होता. पण केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला, मुलींना हातकाम शिकवले गेले. सगळीकडे प्रार्थना आणि श्रम जोडीने चाललेले दिसतात.

मानसशास्त्राने हा विषय अलीकडे हाती घेतला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये संकटकाळी धार्मिक माणसे कशी वागतात याचे तीन प्रकार मांडले. काहीजण देवाने बुद्धी दिली आहे असे मानून सारे स्वतःच करतात. काही सर्व देवावर सोडून वाट पाहत बसतात. काही देवाला सोबती मानून त्याच्यासह मार्ग काढतात. नुसते सोपवून बसणाऱ्यांत आत्मविश्वास कमी आढळला. सोबती मानणाऱ्यांची स्थिती बरी होती. जनाबाईच्या जात्यापाशी बसलेला विठ्ठल हा तिसऱ्या प्रकारातला देव आहे. पार्गामेंट यांच्याच गटाचा 2001 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास रुग्णालयातल्या वयस्क रुग्णांवर होता. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा दिली असे मानणाऱ्यांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. म्हणून संकटात सापडलेल्याला 'तुझीच श्रद्धा कमी पडली' किंवा 'मागच्या जन्मीचे भोग' असे सांगणे केवळ निर्दय नाही, त्याच्या प्रकृतीला घातकही आहे.

धाराशिव जिल्ह्याने याची सर्वांत कठीण परीक्षा 30 सप्टेंबर 1993 रोजी दिली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे झोपली आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूरचे किल्लारी, तेव्हा उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या याच जिल्ह्यातले सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे 10 हजार माणसे गेली. ज्या रात्री देवाला निरोप दिला त्याच रात्री असे का, हा प्रश्न अनेकांच्या मनात आला आणि त्याला कोणत्याही कीर्तनकाराकडे नेमके उत्तर नव्हते. माणसे मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि जड माळवदांनी. त्यामुळे पुढच्या पिढीसाठी भूकंपरोधक घरे बांधणे हे श्रद्धेइतकेच महत्त्वाचे काम ठरले. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे घरांबरोबर देवळेही पुन्हा उभी राहिली. ज्यांचे सगळे कुटुंब गेले होते त्यांना देऊळ उत्तर देऊ शकत नव्हते, पण संध्याकाळी बसायला जागा आणि सोबत देत होते. अशा वेळी एवढेही खूप असते.

1972 च्या दुष्काळातही श्रद्धा आणि काम असेच जोडीने चालले. मे 1973 मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. बाया-बापे खडी फोडत होते, पाझर तलावांची माती वाहत होते, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होते. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला. त्या खडीवर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पांडुरंगावरचा विश्वास आणि हातातला हातोडा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

भरवसा ही मनाची सवय आहे आणि सवयीला रोजचा आधार लागतो. वारकऱ्याकडे तो आहे: संध्याकाळचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाचा अखंड हरिनाम सप्ताह, आषाढीची वारी. हरिपाठ माणसाच्या फिरणाऱ्या विचारांना अर्धा तास थांबवतो. सप्ताहात घराघरातून भाकरी गोळा होतात, पंगती बसतात, आणि ज्याच्या घरी यंदा काही पिकले नाही तोही त्याच पंगतीत जेवतो. वारीत दिंडीचा सोबती अडचण विचारतो. मनात देव असणे आणि शेजारी माणूस असणे या दोन गोष्टी या संप्रदायाने कधी वेगळ्या केल्या नाहीत. एकांतातली श्रद्धा काहींना पुरते, बहुतेकांना पुरत नाही. कर्जाच्या घोरात बुडालेला शेतकरी आधी भजनाला येणे बंद करतो, मग पारावर बसणे टाळतो, मग घरातही बोलत नाही. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांमागे कर्ज, नापिकी, भाव, पाणी अशी ठोस कारणे आहेत आणि त्यांचे उत्तर धोरणातच शोधावे लागेल. ते देवावर ढकलणे हे पाप होईल. पण त्या ओझ्याखालचा माणूस एकटा पडू नये, एवढे गावाच्या हातात आहे.

काळजी जेव्हा आजाराचे रूप घेते, आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, जगणे नकोसे वाटते, तेव्हा डॉक्टर गाठणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नाही. उंट बांधण्याचाच तो भाग आहे. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्प जिल्हा रुग्णालयामार्फत चालतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करून मोफत आणि मराठीतून बोलता येते. ईट आणि आसपासच्या भजनी मंडळांनी, सप्ताहाच्या पंचांनी, कीर्तनकारांनी हा क्रमांक देवळाच्या भिंतीवर लिहावा. आणि नेहमी टाळ घेऊन बसणारा एखादा माणूस दोन एकादश्यांना दिसला नाही, तर तिसरीची वाट न पाहता त्याच्या घरी जावे.